मुलाच्या प्रश्नाला आईचें उत्तर

१९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत दर रविवारीं गीतेवर प्रवचन होत असे. बोलणारे विनोबा भावे, आणि पुढें बसून तें बोलणें भराभर कागदावर उतरून घेणारे साने गुरुजी. २१ फेब्रुवारीला सुरू झालेलीं तीं प्रवचनें १९ जूनला संपलीं व पुढें ग्रंथरूपानें घरोघर गेलीं. त्या वेळीं बोलणाऱ्याचें वय ३६ होतें, लिहून घेणाऱ्याचें ३२. दोघेही कोंकणांत जन्मलेले. एक त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतल्या गागोद्याचे, दुसरे दापोली तालुक्यांतल्या पालगडचे. दोघांनींही संसार मांडला नव्हता. आणि दोघांच्याही घरांतून आई केव्हांच उठून गेली होती: यशोदाबाई साने १९१७ सालीं आणि रुक्मिणीबाई भावे १९१८ सालीं निवर्तल्या.

पुढल्याच वर्षीं, १९३३ च्या फेब्रुवारींत, नाशिकच्या तुरुंगांत साने गुरुजींनीं अवघ्या पांच दिवसांत आपल्या आईच्या आठवणींचा बहुतेक भाग लिहून काढला. ‘श्यामची आई’ हें तें पुस्तक १९३५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तेव्हांपासून मराठी घरांत आईविषयीं बोलणें निघालें कीं, त्याचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं. विनोबांनीं आईवर असें स्वतंत्र पुस्तक लिहिलें नाहीं. परंतु त्यांच्या बोलण्यांत ती इतक्या वेळां येते कीं, त्या विखुरलेल्या आठवणी एकत्र ठेवल्या तर गागोद्याचें व बडोद्याचें घर डोळ्यांपुढें उभें राहतें.

आईनें मुलाला चांगलें वळण कसें लावावें, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनीं हीं दोन गांठोडीं एकदां सोडून पाहण्यासारखीं आहेत. आंत काय निघतें? कोणाला आधीं वाढलें, शिळें कोणीं खाल्लें, तुळशीला पाणी कोणीं घातलें, असल्या अगदीं किरकोळ गोष्टी. साने गुरुजींच्या पुस्तकांत आईचा उपदेश पुष्कळ आहे, हें खरें. पण तो कधीं आधीं येत नाहीं. आधीं कांहीं तरी काम चाललेलें असतें, मुलाचें त्यांत कांहीं चुकतें किंवा अडतें, आणि मग त्या कामाच्या पोटांतून शब्द निघतो. स्नान करून ओल्या पायांनीं निघालेला श्याम आईला म्हणतो कीं, पायांना माती लागेल, तुझा पदर पसर. आई पदर पसरते. पाय पुसले गेल्यावर ती मुलाला एवढेंच सुचविते कीं, पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप. पदर न पसरतां तेंच वाक्य ती बोलली असती, तर तें मुलाच्या एका कानानें येऊन दुसऱ्या कानानें गेलें असतें.

शहरांतल्या सुशिक्षित घरांत आज ‘संस्कार’ हा जणूं एक निराळा विषय होऊन बसला आहे. त्याचा वर्ग असतो, त्याचीं पुस्तकें असतात, सुटींत त्याचें शिबिर असतें. श्लोक पाठ होतात, थोरांच्या गोष्टी सांगितल्या जातात. यांत वाईट कांहींच नाहीं. श्लोकानें निदान वाणी तरी स्वच्छ होते. परंतु त्याच संध्याकाळीं फोन वाजतो आणि आंतून आवाज येतो, “बाबा घरीं नाहींत म्हणून सांग.” एस. टी.च्या अर्ध्या तिकिटासाठीं मुलाचें वय वर्षभरानें खालीं येतें. कामाला येणाऱ्या बाईचा कप खिडकींत वेगळा उपडा घातलेला असतो. सकाळच्या वर्गांत काय शिकविलें तें मूल विसरतें. खिडकींतला कप तें विसरत नाहीं. लहान मुलाला तर्कशास्त्र येत नसलें, तरी विसंगति ओळखण्याचा त्याचा डोळा फार तिखट असतो, आणि पांचव्यासहाव्या वर्षांपासून ‘हें बरोबर आहे का?’ हा प्रश्न त्याच्या मनांत सारखा चाललेला असतो. बहुतेक वेळां तो तोंडावाटे बाहेर पडत नाहीं. कधीं तरी पडतो. त्या क्षणीं घरांतलें मोठें माणूस काय करतें, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

विनोबांच्या आठवणींचा मोठेपणा नेमका येथें आहे. लहानगा विनायक (घरांत त्याला विन्या म्हणत) हा आईला सारखा अडविणारा मुलगा होता. शेजारच्या घरची बाई आजारी पडली किंवा गांवाला गेली कीं, त्यांचा स्वयंपाक करून देण्यास आई जात असे. पण आधीं स्वतःच्या घरचा स्वयंपाक उरकून मग ती तिकडे जाई. विन्यानें तिला गांठलें. आपलें आधीं आणि दुसऱ्याचें मागून, हा स्वार्थ नव्हे काय? आईनें सांगितलें कीं, त्यांचा स्वयंपाक आधीं केला तर तो जेवणाच्या वेळेपर्यंत निवून जाईल. उशिरां जावें म्हणजे त्यांच्या ताटांत ऊन ऊन पडतें. उत्तर दोन वाक्यांचें. पण मुलाला त्यांतून काय मिळालें हें पाहण्यासारखें आहे. परोपकाराची थोरवी तिनें गायिली नाहीं. दुसऱ्याच्या ताटांतला भात गरम आहे कीं गार, एवढ्या बारकाईनें दुसऱ्याचा विचार करतां येतो, हें त्याला कळलें.

दुसरी एक आठवण याहून खोल आहे. भाव्यांच्या घरीं एखादा गरजू विद्यार्थी राहण्याजेवण्यास असे. उरलेलें शिळें अन्न आई स्वतः खाई, आणि तें जास्त असलें तर विन्याच्या पानांत वाढी. त्या विद्यार्थ्याला मात्र नेहमीं ताजें. विन्याच्या लक्षांत हा भेद आला आणि त्यानें तो बोलून दाखविला: सर्वांशीं सारखें वागावें असें तूं सांगतेस आणि तूंच भेद करतेस! कोणत्याही आईला अशा वेळीं सोपे मार्ग पुष्कळ असतात. ‘लहान तोंडीं मोठा घास घेऊं नकोस’ म्हणून गप्प बसवितां येतें. तो पाहुणा आहे, पाहुण्याला असेंच वाढावयाचें असतें, म्हणून वेळ मारून नेतां येते. आईनें यांतलें कांहींच केलें नाहीं. तिनें भेद कबूल केला. त्या मुलाच्या ठिकाणीं आपल्याला देव दिसतो आणि तुझ्या ठिकाणीं आपला मुलगा दिसतो, ही अजून आपल्या मनांतली आसक्ति आहे. तुझ्या ठिकाणींही देव दिसूं लागेल त्या दिवशीं हा भेद राहणार नाहीं, अशा अर्थाचें तिचें उत्तर होतें.

भेद तिनें मुलाच्या विरुद्ध केला होता, परक्याच्या विरुद्ध नव्हे. तेव्हां तो अन्याय असलाच तर त्याची झळ स्वतःच्या घराला होती. तरीही ‘तुझें म्हणणें खरें आहे, माझ्यांत अजून कमी आहे’ असें आठदहा वर्षांच्या मुलासमोर म्हणण्यास फार मोठें मन लागतें. आपली चूक कबूल केली तर मूल आपला मान ठेवणार नाहीं, अशी भीति आईबापांस वाटते. विनोबांनीं म्हातारपणापर्यंत ही गोष्ट सांगितली, ती ज्या आदरानें सांगितली त्यावरून ती भीति किती फोल आहे हें दिसतें. चांगलें वागणें ही एकदां मिळवून पेटींत ठेवावयाची वस्तु नसून मोठीं माणसेंही त्यासाठीं रोज धडपडत असतात, हें मुलाला कळलें तें या कबुलीमुळें. एरवीं मुलांची अशी समजूत असते कीं, सद्गुण हे लहानांसाठीं असतात आणि मोठें झाल्यावर त्यांतून सुटका होते.

अर्थात् प्रत्येक वेळीं आईचें उत्तर मुलाला पटेलच असें नाहीं. दारीं एक धडधाकट भिकारी आला व आईनें त्याला भीक घातली, तेव्हां विन्यानें आळसाला उत्तेजन देण्याबद्दल हरकत घेतली. पात्र कोण आणि अपात्र कोण हें ठरविणारे आपण कोण, दारीं आलेल्याला परमेश्वर समजून द्यावें, असें आईचें म्हणणें. या वादांत आजचे पुष्कळ वाचक मुलाच्या बाजूला उभे राहतील, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. उत्तर मिळालें, तें टाळलें गेलें नाहीं, आणि मुलाला आपलें मत बाळगण्यास मोकळीक राहिली, हें पुरेसें आहे.

‘श्यामची आई’ वाचतांना आजच्या वाचकाला जेथें खरोखर अडखळावयास होतें ती जागा निराळी आहे. गांवचीं मुलें विहिरींत पोहण्यास शिकत असतात. श्याम भिऊन माळ्यावर लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि मारीत मारीत पोहण्यास पाठविते. मागून ती त्याला जवळ घेऊन समजाविते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावें हें तिला सहन होत नव्हतें. मुलानें तो मार कृतज्ञतेनें सांगितला आहे, म्हणून मारणें योग्य ठरतें काय? ज्या काळांत हें पुस्तक लिहिलें गेलें त्याच काळांत भावनगरचे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक ‘मूल हें स्वतंत्र माणूस आहे, त्याला मार, धाक व लालूच यांनीं वाकवूं नये’ हें अगदीं आवर्जून सांगत होते. गिजुभाईंचें बालमंदिर १९२० सालीं सुरू झालें. नूतन बालशिक्षण संघ १९२६ सालीं निघाला. ताराबाईंनीं पुढें १९४५ सालीं बोर्डीला बालवाडीचें काम आरंभिलें. त्यांचें म्हणणें आज सर्वमान्य झालें आहे, आणि तें व्हावयासच हवें होतें. श्यामच्या आईच्या हातची छडी तेवढी उचलून घ्यावी आणि तिचा पसरलेला पदर विसरावा, असें करणारीं घरें तेव्हांही होतीं व आजही आहेत. श्याम मारामुळें घडला नाहीं. मार असूनही तो आईला दुरावला नाहीं, कारण दिवसाच्या बाकीच्या सर्व वेळीं ती त्याच्या बाजूला होती.

आईवरच सर्व भार टाकण्याची जी एक रीत पडली आहे, तिच्याविषयींही दोन शब्द बोलले पाहिजेत. मूल बिघडलें कीं आईचें वळण नाहीं म्हणावयाचें, आणि सुधारलें कीं घराण्याचें नांव घ्यावयाचें! मुलापाशीं आई अधिक वेळ असते म्हणून तिचा ठसा अधिक उमटतो, हें खरें आहे. पण त्या ठशाला धार येते ती घरांतले इतर तिला कसें वागवितात त्यावरून. ‘श्यामची आई’ मधील अळण्या भाजीची रात्र यासाठीं पुनःपुन्हां वाचावी. आई भाजींत मीठ घालण्यास विसरली. वडिलांनीं पहिला घास घेतला, त्यांच्या ध्यानांत आलें, आणि ते कांहींएक न बोलतां ती भाजी खात राहिले. उलट चांगली झाली आहे म्हणाले. श्यामला चव कळलीच होती. पण वडील बोलत नाहींत हें पाहून तोही बोलला नाहीं. आई मागून जेवावयास बसली तेव्हां तिला कळलें. त्या दिवशीं आईनें कांहीं शिकविलें नाहीं; शिकविलें तें वडिलांनीं, आणि तेंही न बोलून. मिठाच्या एका चिमटीसाठीं दिवसभर चुलीपाशीं राबलेल्या बाईचा हिरमोड करूं नये, एवढें कळलेला मुलगा पुढें कोणाचाही सहसा अपमान करणार नाहीं. याच्या उलट, जेथें ताट ढकललें जातें, आईच्या मताला ‘तुला काय कळतें’ म्हणून उडवून लावलें जातें, तेथें तिनें मुलाला सांगितलेल्या सत्याला आणि नम्रतेला काय किंमत राहणार? मुलगा तिचें ऐकतो तो बारातेरा वर्षांचा होईपर्यंत. पुढें तो वडिलांची नक्कल करतो.

नोकरी करणाऱ्या आईला एक खंत असते कीं, आपल्याजवळ वेळ नाहीं. वरच्या आठवणींकडे पाहिलें म्हणजे दिसेल कीं, त्यांतली एकही घटना मुद्दाम काढलेल्या वेळांत घडलेली नाहीं. यशोदाबाई दिवसभर कामांत असत, आणि पुढें पुढें आजारीही. ‘अर्धनारी नटेश्वर’ या प्रकरणांत आईच्या दुखण्यांत श्याम बायकांचीं म्हणून ठरलेलीं घरकामें करूं लागतो. आई त्याला थांबवीत नाहीं. पुरुषानें बाईचे कोमल गुण घ्यावे व बाईनें पुरुषाचे धीट गुण घ्यावे, अशी त्या प्रकरणाची दिशा आहे. १९३५ सालच्या मराठी पुस्तकांत हें आहे, आणि तें घरोघर डोळे पुसत वाचलें गेलें. पण मुलाच्या हातीं केरसुणी किती घरांनीं दिली, हा प्रश्न निराळा. आईला वेळ मिळावा असें ज्यांना वाटतें, त्यांनीं मुलाला शेजारीं घेऊन भाजी निवडावयास बसवावें. बोलणेंही होतें आणि भाजीही निवडून होते.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. या दोन्ही आठवणी मुलग्यांच्या आहेत. त्याच पिढींतल्या मुलीनें आपली आई लिहिली असती, तर तिनें कदाचित् दुसरेंच कांहीं नोंदविलें असतें: भावाला आधीं वाढलेलें ताट, लवकर लागलेलें लग्न, सोसण्याचे धडे. मुलीला ‘सोस’ आणि मुलाला ‘धीट हो’ असें दोन तोंडांनीं सांगणारें घर कोणालाच नीति शिकवीत नाहीं. आईनें दिलेलें वळण मुलामुलींस सारखें आहे कीं नाहीं, हें मुलीला विचारावें. ती बरोबर सांगते.

आईची शिकवण मुलाला किती दूर नेते, याचा हिशेब मांडण्याचा मोह पुष्कळांस होतो. गागोद्याच्या घरचा फणस कापला कीं पहिले गरे शेजाऱ्यांकडे पाठविले जात, म्हणून १९५१ सालीं भूदान सुरू झालें, अशी सरळ रेघ ओढणें सोपें आहे आणि खोटेंही आहे. मधें चाळीसपन्नास वर्षें, गांधीजी, तुरुंग आणि अभ्यास आहे. परंतु दिशा म्हणून कांहीं असते. श्यामच्या गांवांत एका म्हाताऱ्या महारणीची लांकडांची मोळी खालीं पडली. अस्पृश्यतेच्या त्या काळांत कोणी हात लावीना. आईनें श्यामला सांगितलें, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढव आणि येऊन स्नान कर. स्नान सांगण्याइतकी ती रूढीच्या आंत होती. मोळी उचलावयास सांगण्याइतकी बाहेर. मुलानें त्यांतली मोळी धरली आणि स्नान टाकून दिलें. १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं उपोषण केलें आणि मंदिर खुलें झालें. आई जेथें थांबली तेथें मुलानें थांबावें असें तिनें कधीं सांगितलें नव्हतें.

रुक्मिणीबाईंनीं एकदां देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा नेम घेतला व त्या रोज एकेक दाणा मोजून वाहूं लागल्या. विन्याच्या वडिलांनीं, जे हिशेबी व शास्त्रीय दृष्टीचे गृहस्थ होते, सुचविलें कीं, तोळाभर तांदूळ मोजावे, त्यावरून लाखाचें वजन काढावें, कमी पडूं नयेत म्हणून थोडे वर घालावे, म्हणजे काम चटकन होईल. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळीं तिनें तें मुलाला विचारलें. विन्या म्हणाला कीं, हें गणित नव्हे. प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, म्हणून एकेकच मोजला पाहिजे. आईला आनंद झाला आणि तेंच उत्तर तिनें पतीला सांगितलें. एरवीं प्रश्न मुलाचा असे व उत्तर आईचें. येथें प्रश्न आईनें केला, आणि मुलाचें उत्तर तिनें स्वीकारलें.

बडोद्यास असतांना तिनें त्याला आणखी एक गोष्ट विचारली. गीतेवरचें प्रवचन ती ऐकावयास जाई. संस्कृत कळत नसे. मराठींत गीता आणून दे, असें तिनें मुलाला सांगितलें. त्यानें एक पद्यात्मक भाषांतर आणून दिलें. तें तिला सोपें वाटेना. तेव्हां ती म्हणाली, मग तूंच कां करीत नाहींस? मुलगा तेव्हां विशीचा होता. तिच्या जाण्यानंतर बारा वर्षांनीं, १९३० च्या ऑक्टोबरांत, विनोबांनीं ‘गीताई’ लिहावयास घेतली आणि १९३१ च्या फेब्रुवारींत ती पुरी केली. १९३२ सालीं, ते धुळ्याच्या तुरुंगांत असतांनाच, ती छापून निघाली.